बुंदीची पहिली पंचमी

लातूर,
८ जून

सौ. नागाबाई मावशींना नमस्कार.

मावशी, आपण एकमेकींना अजून पाहिलेलं नाही, आणि तरी आज माझ्या घरातलं माणूस मी तुमच्याकडं धाडते आहे. माणूस म्हटलं म्हणून हसू नका. हे पत्र हातात पडेल तेव्हा बुंदी तुमच्या शेतातल्या आखाड्यावर पोचलेली असेल आणि बहुतेक बाजेखाली शिरून बसलेली असेल. तिला ओढून काढू नका. ती आपली आपण बाहेर येते.

आमच्या ‘मुक्काम’ गटाबद्दल वर्षाराणीनं तुम्हाला सगळं सांगितलंच असेल. पण तिच्या बोलण्याचा वेग मला माहीत आहे, निम्मं तुमच्या डोक्यावरून गेलं असणार, म्हणून परत सांगते. गटाकडं स्वतःची जागा नाही, पिंजरे नाहीत. रस्त्यावर सापडलेलं किंवा कुणी टाकून दिलेलं कुत्रं आमच्यापैकी कुणाच्या तरी घरी राहतं. त्याला पक्कं घर मिळेपर्यंत सांभाळायचं आणि घर मिळालं की हसतमुखानं द्यायचं. वर्षाराणी ह्याला फॉस्टर म्हणते. आमचे हे, रामलिंग, एसटीत ड्रायव्हर आहेत, आठवड्यातले निम्मे दिवस बाहेरगावी. मुलगी शिवांगी पुण्याला शिकते. मी घरी ब्लाऊज शिवते. तेव्हा ‘तुझं घर रिकामं आणि तूही रिकामी’ असं वर्षाराणीनं परस्पर ठरवून टाकलं, आणि बघता बघता बरीच कुत्री माझ्या दारातून चांगल्या घरी गेली. एकालाही देताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. मी त्या बाबतीत कोरडी आहे.

बुंदी औसा रोडला एका मंगल कार्यालयाच्या मागं सापडली. पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके म्हणून बुंदी. मागचा उजवा पाय जरा लंगडतो, पण पळायला लागली की ते ती विसरते. आमच्याकडं ती शिलाई मशीनच्या खाली झोपायची, त्यामुळं खडखडाटाची सवय आहे. उलट फार शांतता झाली की दचकते. ज्वारीची भाकरी खाते, पण ताकात कुस्करलेली हवी. कोरडी दिली तर तुमच्याकडं असं पाहते की तुम्हालाच लाज वाटावी. कुकरच्या शिट्टीला भिते. गोड देऊ नका, कितीही मागितलं तरी.

आणि नियमाचं. पहिले तीन महिने कच्चे. त्या काळात तुमचं जमलं नाही तर बुंदी परत माझ्याकडं येते, त्यात कुणाला कमीपणा नाही. तीन महिन्यांनी पक्का कागद होतो. तोवर मी तिला भेटायला यायचं नाही, कारण कुत्र्याचा जीव मग दोन्हीकडं टांगलेला राहतो. फोनवर बोलायला मात्र मनाई नाही. रविवारी करते.

आपली,
ज्योत्स्ना



लोह्याजवळच्या आखाड्यावरून,
१९ जून

चि. ज्योत्स्नाबाईस अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र पोचलं आणि बुंदीही पोचली. पत्र वाचून मी यजमानांना म्हटलं, ह्या बाईनं कुत्री दिली नाही, लेक दिली आहे. भगवानराव हसले. ते वर्षातून दोन-चारदा हसतात, त्यातलं एक तुमच्या बुंदीनं खाल्लं.

तुम्ही लिहिल्याप्रमाणे ती बाजेखाली शिरली. दिवसभर तिथंच. मी ताकभाकरी ठेवून आत गेले की ताटली सरकल्याचा आवाज यायचा. तिसऱ्या दिवशी शेळीनं बाजेखाली तोंड घातलं, तेव्हा बुंदी जी बाहेर पडली ती थेट माझ्या लुगड्यात. तेव्हापासून मी जिथं तिथं ती. पेरणी झाली आहे, पाऊस बरा आहे. शेतातल्या शांततेला ती दचकते खरी. म्हणून भगवानरावांनी कडबा कापायचं यंत्र उगीचच थोडं चालवलं, तर त्याच्याजवळ जाऊन गाढ झोपली. आता रोज दुपारी आमच्याकडं बिनकडब्याचं यंत्र चालतं. वस्तीवरचे लोक आम्हाला काय म्हणत असतील ते असो.

आमच्याकडं कुत्र्यांना काय तोटा होता, असं तुम्हाला वाटलं असेल. गावात पायलीची पन्नास फिरतात. पण हनुमंत आणि सूनबाई बबिता पुण्याला गेल्यापासून शेतात आम्ही दोघंच, आणि हे मोंढ्याला माल विकायला गेले की मी एकटी. बबितानं फोनवर बुंदीचा फोटो पाहिला आणि मला न विचारता तुमच्या गटाला कळवून टाकलं. फोटोत ती मान वाकडी करून बघत होती. मला एकच मुलगा, मुलगी नाही. ते तोंड बघितलं आणि मी नको म्हणू शकले नाही.

आता फोनचं. रविवारी तुम्ही फोन केलात, भगवानरावांना कमी ऐकू येतं म्हणून मी आवाज मोठा केला होता. तुम्ही ‘मावशी, कशी आहे माझी बुंदी’ म्हणालात आणि ती ताडकन उठली. फोन हुंगला. मग विहिरीपाशी गेली, गोठ्यात गेली, कडब्याच्या गंजीला वेढा घालून आली. तुम्ही कुठंच नाही. त्या संध्याकाळी जेवली नाही, रस्त्याकडं तोंड करून बांधावर बसून राहिली. मला ते बघवलं नाही. तेव्हा माझं ऐका, फोन नको. पत्र लिहीत जा. मी सातवीपर्यंत शिकले आहे आणि माझं अक्षर तुमच्यापेक्षा चांगलं आहे.

तुमची,
नागाबाई



लातूर,
२८ जून

मावशींना नमस्कार.

अक्षराचं मान्य. माझं अक्षर बघून शिवांगी म्हणते, आई, तू कात्रीनं लिहितेस का.

फोनची गोष्ट वाचून मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. बरं वाटलं ह्याची मग लाज वाटली. यापुढं पत्रच.

पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मनातून जाईना, रस्त्याकडं तोंड करून बसली ते. अजून बसते का? बुंदी लवकर दाखवत नाही, पण मनाला लावून घेते. मला तुमच्यावर शंका नाही, यंत्र रिकामं चालवणाऱ्या माणसांवर कोण शंका घेईल. तरीही शेतातली कामं, तुम्ही दोघंच, त्यात हे नवं लोढणं. तुम्हाला जड जात असेल तर मावशी, भिडेखातर ठेवून घेऊ नका. एक ओळ लिहा. बुंदीची जागा इथं मशीनखाली तशीच आहे, मी तिथं चिंध्यांचं गाठोडंसुद्धा ठेवलेलं नाही.

तिचा पट्टा सैल असेल तर आतून एक भोक पाडा. रात्री बांधता का? नसाल तर चांगलंच.

आपली,
ज्योत्स्ना



आखाड्यावरून,
१२ जुलै

चि. ज्योत्स्नाबाईस आशीर्वाद.

तुमच्या पत्रावरून एक गोष्ट मला कळली, बुंदी तुम्हाला विसरायला लागली आहे पण तुम्ही तिला विसरलेल्या नाहीत. जीव अडकला आहे, दुसरं काय. कोरडी म्हणे.

बुंदीला आम्ही बांधत नाही. ती भगवानरावांच्या मागं शेतभर हिंडते. परवा तुरीत वानरं उतरली, तर लंगडा पाय विसरून अशी धावली की वानरांचं सोडा, आमची शेळी दावं तोडून गावात पोचली. त्या दिवसापासून तिचा रुबाब वाढला आहे. लोढणं वगैरे शब्द पुन्हा लिहू नका, मला आवडला नाही.

बाकी इकडं आषाढ चालू आहे. वस्तीवर पाव्हण्यांची नुसती ये-जा. शेजारच्या सुदर्शनची नवी सून, तिला न्यायला परवा तिचा भाऊ देगलूरहून आला. खालच्या अंगाला बजरंगची सून, तीही गेली. पोरी कशा नटूनथटून जातात, बघून बरं वाटतं. बुंदी आणि मी बांधावरून बघत असतो. पंचमी तोंडावर आली.

तुमच्याकडून कुणी येणार असेल तर कळवा. आम्ही अडवून धरणारी माणसं नव्हेत. खुरपणी काय, होत राहते. माझ्याकडून म्हणाल तर तिला खुशाल न्यावं. मी जास्त लिहीत नाही, ह्या गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात.

तुमची,
नागाबाई



लातूर,
३० जुलै

मावशींना नमस्कार.

बुंदी सुखरूप आहे. रविवारी भगवानराव काका दारात टेंपोतून उतरले तेव्हा मी मशीनवर होते. बुंदी मला बघून अंगणात चकरा मारत सुटली, तिला थांबताच येईना. काकांनी पिशवी माझ्या हातात दिली. मी आत या, चहा घ्या म्हणत होते, पण मोंढ्यात सोयाबीन घेऊन चाललेला टेंपोवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसला होता. काकांनी बुंदीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “आता ऱ्हाऊ द्या तिला तुमच्यापाशी.” आणि गेले. डोळे भरलेले होते त्यांचे.

मावशी, मी काही विचारणार नाही. तुम्ही पाठवलंत त्याला कारण असणारच. तुमच्या मागच्या पत्रातूनच मला अंदाज आला होता. तेव्हा मी वर्षाराणीला विचारलंही, पण तीन महिने होईपर्यंत मी तिकडं येऊ नये असं ती म्हणाली, म्हणून मी आले नाही. शेवटी काकांनाच त्रास झाला.

पिशवीत ज्वारीच्या लाह्या, नारळ, जरीच्या काठाचा खण, आणि बुंदीच्या गळ्यात नवा घुंगरांचा पट्टा. एवढं कशाला केलंत? रिकाम्या हातानं पाठवू नये म्हणून केलंत हे समजलं, पण मला फार जड वाटलं. तुम्ही मनाला काही लावून घेऊ नका. बुंदी जेवली, मशीनखाली झोपली. जशी कधी गेलीच नव्हती.

आपली,
ज्योत्स्ना



लातूर,
१४ ऑगस्ट

मावशींना नमस्कार.

तुमचं पत्र आलं नाही. येणार नाही हे मला वाटलंच होतं. तुम्हाला अवघडल्यासारखं झालं असेल. म्हणून मीच लिहिते, म्हणजे तुमच्या मनावरचं ओझं उतरेल.

मी वर्षाराणीला बुंदी परत आल्याचं कळवलं. गटात अशा गोष्टी होतात, कुणी तुम्हाला नावं ठेवलेली नाहीत. तिनं लगेच दुसरं घर शोधायला घेतलं आणि उदगीरचं एक कुटुंब पुढंही आलं. चांगली माणसं होती. फोटोत त्यांचं अंगण दिसत होतं, फरशी बसवलेलं, स्वच्छ. मी होय म्हणायला तोंड उघडलं आणि नाही म्हणाले.

मावशी, बुंदीला आता मीच ठेवून घेणार आहे. कायमची. आमचे हे म्हणाले, इतके दिवस तू दुसऱ्यांना कुत्री दिलीस, एकदा स्वतःला दे. शिवांगीनं तर फोनवर उड्या मारल्या. पुढच्या रविवारी, २४ तारखेला, वर्षाराणी पक्का कागद घेऊन येते आहे.

तुम्हाला हे कळवावंसं वाटलं, कारण तुम्ही तिच्यावर जीव लावलात हे मला दिसतं. तिची तब्येत सुधारली आहे, अंगावर तुकतुकी आली आहे, ती तुमच्या घरची. तिचं आता चांगलं होईल. तुम्ही निश्चिंत असा. कधी लातूरला आलात तर तिला बघून जा.

आपली,
ज्योत्स्ना



आखाड्यावरून,
१९ ऑगस्ट

ज्योत्स्ना,

आज आशीर्वाद वगैरे लिहीत नाही, ते मागाहून बघू.

तुझं पत्र काल आलं. मी वाचलं, मग यजमानांना मोठ्यानं वाचून दाखवलं, मग बबिताला फोन लावून तिलाही वाचून दाखवलं. मला वाटलं, मलाच वाचता येईना झालंय. बुंदी परत कुणी केली? कोण म्हणालं तुला असं? मी बुंदीला परत केलेलं नाही. मी तिला पंचमीला माहेरी धाडलं होतं.

तू लातूरची, तुला हे सांगावं लागावं? नवी पोर घरात आली की पहिल्या पंचमीला तिला माहेरी धाडतात. आषाढात न्यायला माहेरचं माणूस येतं. मी महिनाभर वाट बघितली. वस्तीवरच्या सगळ्या पोरींना न्यायला कुणी ना कुणी आलं, आमच्या बुंदीला कुणी आलं नाही. सासरच्यांनी ‘न्या तुमची पोर’ असं तोंडानं म्हणायचं नसतं, तरी मी लाज सोडून पत्रात लिहिलं. तरी कुणी नाही. म्हटलं, शहरातली माणसं, नोकरीधंद्याची, जमलं नसेल. शेवटी खुरपणी टाकून ह्यांना धाडलं. लाह्या, खण, नारळ, सगळं रीतीनं. तुझ्या पत्रात तू लिहिलंस, रिकाम्या हातानं पाठवू नये म्हणून केलं. मला वाटलं, समजदार बाई आहे, बरोबर ओळखलं. मी त्या पत्रावर खूश होते.

आणि उत्तर का लिहिलं नाही म्हणशील, तर माहेरी गेलेल्या पोरीच्या मागं लगेच चिठ्ठ्या धाडायच्या नसतात. माहेरच्यांना वाटतं, घाई करताहेत. तिला पोटभर राहू द्यायचं असतं. मी हात आवरून बसले, तू त्याचा असा अर्थ काढलास.

कुत्रीला कसली पंचमी, असं तू म्हणशील. वस्तीवर सगळे तेच म्हणाले, सुदर्शन तर हसून हसून खाली बसला. मला काही वाटलं नाही. माझ्या पहिल्या पंचमीला सासूबाईंनी मला धाडलं नव्हतं. खुरपणीला माणूस नव्हतं. माझी आई बिलोलीच्या स्टँडवर संध्याकाळपर्यंत येणाऱ्या गाड्या बघत उभी होती, ते मला पुढं कितीतरी महिन्यांनी कळलं. पुढच्या पंचमीला आई नव्हती. मी तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या घरात येणाऱ्या पोरीला मी कामासाठी अडवणार नाही. बबिताला कधी अडवलं नाही. बुंदीला का अडवू? माझ्या फोनमधून तुझा आवाज आला तेव्हा ती गंजीमागं तुला शोधत होती, तेव्हाच तिला पंचमीला धाडायचं मी मनात धरलं होतं.

आता ऐक. शुक्रवारी पोळा आहे. पोळ्याच्या आत तिला आणायची, हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. बबितानं तुला फोन लावून माझ्या कानाला देते म्हटलं, मी नको म्हटलं. रागात माझी जीभ चालते आणि नंतर मला रडू येतं. म्हणून हे पत्र मी भगवानरावांच्या हाती देते. ते उद्या सकाळी टेंपोबरोबर निघतील. ते काही मागणार नाहीत, काही बोलणार नाहीत, दारात बसतील. तू वाच आणि ठरव.

बुंदी तुझी आधी होती. कागदावर तू आमचं नाव खोडलंस तरी तुझ्या हातून चूक झाली असं कुणी म्हणणार नाही. तुला ती द्यायची नसेल तर ह्यांना चहा पाज आणि रिकामं परत धाड. मी भांडणार नाही. पण मी परत केली असं बुंदीसमोर पुन्हा म्हणू नकोस.

नागाबाई



लातूर,
२० ऑगस्ट

मावशी,

काका दारात बसले आहेत, जेवण झालं आहे त्यांचं, टेंपो तासाभरात येईल. तेवढ्या वेळात लिहिते.

तुमचं पत्र उभ्यानं वाचायला घेतलं आणि खाली बसून संपवलं. पहिल्यांदा मला राग आला. तुमचा नाही, नीट कुणाचा ते सांगता येत नाही. गेले तीन आठवडे मी आयुष्यात नव्हते एवढ्या सुखात होते, आणि ते सुख माझं नव्हतंच असं पत्रात लिहिलं होतं. मला ती हवी होती, मावशी. पहिल्या पत्रात मी कोरडी असल्याचं लिहिलं ना, ते लिहून झाल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन रडले होते. काकांनी तिला दारात सोडलं तेव्हा मी तुमचं कारण विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं. मला ते ऐकायचंच नव्हतं.

बुंदीकडं बघून काही ठरेल असं वाटलं. तिनं माझी काहीच मदत केली नाही. काकांना बघून अंगावर उड्या मारल्या, त्यांचा हात चाटला, त्यांच्या चहाच्या बशीत तोंड घातलं, आणि मग येऊन मशीनखाली झोपली. तिला दोन्ही घरं आपली वाटतात. तिच्या लेखी हा प्रश्नच नाही.

तुम्ही म्हणाला होतात तसे काका खरंच काही बोलले नाहीत. मीच विचारलं, मावशी कशा आहेत. तर खाली बघत म्हणाले, “बरी हाय. पर रोज एक भाकर जास्तीची थापून राहिली. म्हनलं, खानारी तर लातूरला हाय. तर म्हनती, हात ऐकत न्हाई.”

मावशी, जूनमध्ये बुंदी तुमच्याकडं गेल्यावर मी कितीतरी दिवस मशीनचं पायडल जपून मारत होते, खाली कुणी नसताना. म्हणून हाताचं हे वाक्य मला समजलं. मी परत आलेली कुत्री ठेवून घेत होते. ती परत आलेली नव्हती. पंचमीला आलेली पोर माहेरानं ठेवून घ्यायची नसते, एवढं मला लातूरला राहूनसुद्धा कळतं.

वर्षाराणीला फोन केला. सगळी गोष्ट ऐकून तिनं आधी आपल्या दोघींना एकत्र सुनावलं. म्हणाली, गटाच्या नियमात फटाक्यांचं आहे, चॉकलेटचं आहे, पंचमीचं कुठं आहे? मग तिलाच हसू आवरेना. रविवारचं रद्द केलं आहे. बुंदीचे तुमचे तीन महिने चालूच धरले आहेत.

काका जेवत होते तेवढ्यात मी मशीनवर बसले आणि बुंदीला पोळ्यासाठी झूल शिवली. गिऱ्हाइकांच्या उरलेल्या तुकड्यांची आहे, हिरवा, जांभळा, आणि कडेला तुम्ही दिलेल्या खणाचा जरीचा काठ. शिवताना माझे डोळे वाहत होते, त्यामुळं एका बाजूची शिवण वाकडी गेली आहे, ती शेळीच्या बाजूला ठेवा. मशीन चालू होतं म्हणून बुंदी मात्र खाली घोरत होती.

टेंपो आला. तिला पाठवते आहे. मी दारापर्यंतच येणार, रस्त्यापर्यंत नाही.

तुमची,
ज्योत्स्ना



आखाड्यावरून,
१२ सप्टेंबर

सौ. विहीणबाई ज्योत्स्नाबाईंना नागाबाईचा नमस्कार.

पुतणी नाही, भाची नाही, आता हेच नातं ठरलं. तुमची पोर माझ्या घरात नांदते म्हटल्यावर दुसरं काय म्हणणार?

पोळा झोकात झाला. बैलांच्या मागं भगवानराव, त्यांच्या मागं झूल घातलेली बुंदी. वाकडी शिवण कुणाला दिसली नाही, कारण ती एका जागी उभीच राहिली नाही. गावातल्या बायका झूल हातात घेऊन बघत होत्या. कुणी शिवली म्हणून विचारलं, तर मी म्हटलं, हिच्या माहेरची आहे. सुदर्शनची सून आता माहेराहून परत आली आहे, तिला तसा ब्लाऊज हवा आहे, माप पाठवते. सुदर्शन ह्या वेळी हसला नाही.

परवा वर्षाराणी येऊन पक्का कागद करून गेली. बुंदी तेव्हा वानरांच्या मागं होती, तिला काही सोयरसुतक नव्हतं. वर्षाराणी म्हणाली, आता ज्योत्स्नाताई खुशाल येऊ शकतात, बुंदी दोन्ही घरं ओळखते, बिघडणार नाही. मी म्हटलं, ते मी कळवते, पण त्याआधी माझं एक काम आहे.

तर ते काम असं. विहिणीला रुसायचा मान असतो. मी तो अजून घेतलेला नाही. तुम्ही माझी पोर मला न विचारता परस्पर स्वतःला देऊन टाकली होती, रविवारसुद्धा ठरवला होता. तुम्ही ती परत धाडलीत, म्हणून तुमच्यावर माझा राग नाही. त्या दिवशी टेंपोतून तिचे कान दिसले आणि मी रस्त्यातच बसले, हे भगवानराव तुम्हाला कधी सांगणार नाहीत, म्हणून मीच सांगते. पण राग गेला तरी रुसवा राहतो. तो पत्रानं जात नाही आणि फोननं तर मुळीच जात नाही.

मार्गशीर्षातल्या अमावस्येला, येळवसला, आम्ही सगळे शेतात जेवतो. भज्जी, आंबील, ज्वारीचे उंडे, जेवायला येईल तो आपला. रामलिंगरावांची ड्यूटी असेल तर त्यांनी त्या दिवशी गाडी लोह्याकडंच घ्यावी. शिवांगीलाही आणा. मुक्कामाला या, जेवून लगेच पळायचं नाही. मी पाटावर बसेन, तुम्ही दहा बायकांत माझी समजूत काढायची, आणि बुंदी मधेच येऊन उंडे पळवील.

तोवर मी रुसलेली आहे, हे लक्षात असू द्या.

तुमची विहीण,
नागाबाई